सव्वानऊ इंच

एप्रिलचा शेवटचा गुरुवार. लोरेनमध्ये
सरोवरावरून अजून बोचरं वारं येतं,
आणि ओडेल प्रुइटच्या दुकानात
आठ वाजून गेले तरी कुणी केस कापून घेत नाही.
खुर्च्या टीव्हीकडे वळवलेल्या.
सहावी निवड आमची.
सहावी म्हणजे, गेल्या हंगामात चार सामने जिंकलो,
त्यातला एक समोरच्याच्या चुकीनं.

तीन पोरं आहेत. तीन स्थळंच म्हणा.
आयोवाचा हॉलबर्ग: उंच, गोरटेला,
गुडघ्यावर बसून साठ यार्ड फेकतो.
"गुडघ्यावर बसूनच खेळायचं असतं," ओडेल म्हणतो,
"तर चर्चमधून कुणीतरी आणला असता."
हवाईचा आकाना: डावखुरा, बुटका,
पण मैदान असं वाचतो, जसं आपण उधारीची वही.
आणि जमॅरियन टूल्स, मिसिसिपीचा.
मॅरिसोल किन्योनेस बस डेपोत लावून
थेट इथं येते, फेब्रुवारीपासून, टूल्ससाठी भांडायला.
"पळतो बघा कसा. चारी बाजूंनी घर पडत असताना
दार शोधतो हा पोरगा."

"हात लहान आहेत त्याचे," लेस्टर कोवाल्चिक म्हणाला.
झालं.
सव्वानऊ इंच.
अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत
सव्वानऊ. घड्याळ लावून पळवलं, वजन केलं,
दात तेवढे मोजायचे राहिले,
आणि शेवटी सगळं येऊन ठेपलं
एका वितीवर.
"डिसेंबरात इथं चेंडू म्हणजे ओला साबण.
निसटणार. लिहून ठेवा."

ओडेलनं खणातून टेप काढली.
मॅरिसोलची वीत साडेसात.
"याच हातांनी चाळीस फुटी बस वळवते," ती म्हणाली.
ओडेलची स्वतःची नऊ.
एकतीस वर्षं वस्तरा धरलाय. कान एकही गेला नाही,
एक अर्धा सोडला तर.
मग लेस्टरनं उजवा पंजा काउंटरवर पसरला,
कंगव्यांच्या बरणीशेजारी.
त्याला करंगळी नाही. नळ्यांच्या कारखान्यात गेली,
कारखाना जायच्या दोन वर्षं आधी.
ओडेल टेप धरून थांबला.
"कुठपर्यंत मोजू?"
"होती तिथपर्यंत."

साडेदहा.

"मग मलाच घ्या," लेस्टर म्हणाला,
आणि आम्ही इतके हसलो की चौथी निवड ऐकूच आली नाही.
हॉलबर्ग गेला होता.
पाचवीला आकाना.
आता आमच्या पदरात टूल्स तरी, नाहीतर पुन्हा
पुढच्या वर्षीच्या गप्पा.

टीव्हीवर त्याचं घर.
सोफ्यावर आजी, काका, टाय बांधलेली लहान भावंडं,
आईच्या ड्रेसला मागे अजून किमतीचा कागद.
टेबलावर फोन, पालथा.
आणि मधोमध तो,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला.

थंडी असेल. मिसिसिपीत, एप्रिलमध्ये?
कुणी काही बोललं नाही.
लेस्टरनं पंजा हळूच खिशात घातला.

"नको घ्यायला," मॅरिसोल म्हणाली.
आम्ही तिच्याकडे बघतच राहिलो.
"इथं नको. ऑक्टोबरात पहिला चेंडू निसटला की
माझ्या बसमध्ये माणसं काय बोलतात,
मला माहीत आहे.
मीही बोलते."

ओडेल टेप गुंडाळत होता,
उलगडत होता, पुन्हा गुंडाळत होता.
घड्याळात दोन मिनिटं उरलेली.
मी केर काढायचं निमित्त करून
झाडूच्या दांड्यावर माझी वीत लावून पाहिली.
किती भरली ते सांगत नाही.

फोन वाजला, तिथं, त्यांच्या घरात.
आई उभी राहिली, काका उभे राहिले.
पोरानं हात बाहेर काढले,
क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाचे,
आणि तो एवढासा फोन
दोन्ही हातांनी उचलला.